माशीचं पुस्तक

डोळ्यांच्या दवाखान्यात आईला सगळे 'माशीवाल्या बाई' म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. तिने एकतीस वर्षं लोकांना एकाच माशीचं चित्र दाखवलं. काळसर चष्मा नाकावर चढवला की, ज्याचे दोन्ही डोळे जोडीने काम करत असतील त्याला ती माशी पानातून वर उठलेली दिसते. आई म्हणायची, "पंख चिमटीत धरा." मग भलेभले हवेत चिमटी घ्यायचे. एक पोलीस अधिकारी तर खुर्चीसकट मागे सरकला होता. ज्याची बोटं थेट कागदावर टेकली, त्याला जवळ-लांबचं नीट कळत नाही, हे आई ओळखायची.

माशीनंतर वर्तुळं. चार-चार वर्तुळांच्या नऊ चौकटी, प्रत्येकीत एकच वर आलेलं. सुट्टीत तिच्याजवळ बसून बसून मला ती उत्तरं पाढ्यासारखी पाठ झाली होती: वर, डावीकडे, डावीकडे, खाली. पाहुणे आले की मी ती घडाघडा म्हणून दाखवायची. खरे पाढे मात्र येत नव्हते.

बाबा बंदरात क्रेन चालवायचे. मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या डाव्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला. जखम भरली, नजर बरीचशी परत आली. पण त्यानंतर चहा ओतताना ते किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवू लागले. आधी टक् असा आवाज, मग चहा. आईने तो आवाज ऐकलाच नव्हता, असं मला कुणी सांगू नये.

बाबांच्या डोळ्यांची वार्षिक तपासणी जवळ आली; ती आईच्याच दवाखान्यात व्हायची. नापास झाले तर क्रेन कायमची बंद. बाबांनी मला जवळ बसवलं. "तुझा तो पाढा म्हण बघू." मी म्हटला. "पुन्हा म्हण." मला वाटलं, माझे लाड चाललेत.

घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही, असा दवाखान्याचा नियम होता. पण तपासणाऱ्या दुसऱ्या बाई रजेवर होत्या. बाबांनी चष्मा घातला, हात पुढे केला आणि अगदी बरोबर उंचीवर चिमटी घेतली. तिथेच आईला शंका आली. हे तिने मला अलीकडे सांगितलं. ज्याला माशी खरंच दिसते तो माणूस बिचकतो, चाचपडतो; टेबलावरची टाचणी उचलावी तसा कुणी हात घालत नाही. मग बाबांनी नऊच्या नऊ उत्तरं बरोबर दिली.

शंका आली तर पुस्तक उलटं, वरची कड खाली करून धरायचं असतं. खरं दिसणारा म्हणतो, "अरे, माशी पानाच्या आत गेली!" थापा मारणारा म्हणतो, "वरच आहे की." दोन सेकंदांचं काम. आईचा हात पुस्तकावर होता. क्रेनवरून उतरवलेला हा माणूस घरात कसा जगेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने पुस्तक मिटलं, 'योग्य' असं लिहिलं आणि सही केली.

सात आठवड्यांनी बाबांचा अंदाज हातभर चुकला आणि क्रेनला लटकलेली मालाची पेटी खाली उभ्या असलेल्या फिटरवर उतरली. तो जागीच गेला. चौकशीत बाबांच्या नजरेचा विषय निघाला, तेव्हा आईची सही पुढे आली. खापर वाऱ्याच्या माथी फुटलं.

बाबांनी क्रेन सोडली आणि भांडारात कारकुनी धरली. आई येईल त्याला पुस्तक उलटं धरून दाखवू लागली. शाळकरी पोरींना, म्हाताऱ्यांना, गरज नसलेल्यांनाही. डॉक्टर वैतागायचे. घरात त्या फिटरचा विषय कुणी काढला नाही. पाढा मीच शिकवला होता, म्हणून मीही तोंडात गुळणी धरून बसले. पण तो गेला कुठे होता? रोज सकाळी टक् झालं की तो आमच्या टेबलाशी येऊन बसायचा. तीन कप आणि चार माणसं. मला त्या आवाजाची भीती वाटायची, अजून वाटते.

आई निवृत्त झाली तेव्हा दवाखान्याने ते जुनं पुस्तक चष्म्यासकट तिला भेट दिलं. हजारो चिमट्यांनी माशीचा एक पंख पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा ओतत होते. टक्. आईने चष्मा त्यांच्यापुढे सरकवला. त्या तपासणीनंतर मधे एकोणीस वर्षं गेली होती.

"घाला," ती म्हणाली.

बाबांनी किटली ठेवली आणि चष्मा घातला. आईने पुस्तक उलटं धरलं.

"माशी कुठेय आता?"

बाबांनी हात पुढे केला आणि बोटं थेट कागदावर टेकवली.

"डोळ्याला लागल्यापासून मला ती दिसलीच नाही गं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"भ्यालो होतो. सगळं पाठ करून आलो होतो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण तुझा हात पुस्तकावर दिसला आणि बरं वाटलं. म्हटलं, ही आता उलटं करणार. ही काही मला क्रेनवर चढू देणार नाही."