उघडझाप मंडळाची एक्सरे-ताई

दवाखान्याच्या तळघरात, जिथे ऊन पायऱ्यांपर्यंत येऊन मागे फिरतं, तिथे ताईची खोली होती. दारावर लाल दिवा, आत एक थंडगार टेबल आणि छताला लटकलेलं यंत्र. दिवसभर ती जाड काचेमागे उभी राहून तेच ते म्हणायची, “श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. सोडा.” इतकी वर्षं म्हणून म्हणून ते तिच्या जिभेवर असं बसलं होतं की धाकटा भाऊ चिडवायचा, “हिच्यासमोर जेवायला बसू नका रे. घास तोंडात घातला की म्हणेल, रोखून धरा.”

हललेलं चित्र तिला खपत नसे. कामात तर नाहीच, पण संध्याकाळी स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवून ती बाहेर पडे तेव्हाही नाही. बंद दुकानांची कुलपं, जिन्याच्या कठड्यावरचं शेवटचं ऊन, नळाच्या तोंडाशी थांबलेला थेंब. दिवसभर माणसांच्या आतलं बघितल्यावर संध्याकाळी बाहेरचं बघावंसं वाटणारच. तिच्या फोटोत रेघ म्हणजे रेघ असे आणि कड म्हणजे कड.

हे फोटो बघणारं जगात एकच ठिकाण होतं, उघडझाप मंडळ. मंडळ म्हणजे फोनमधला एक ग्रुप. बँकेतून निवृत्त झालेले कॅशियरकाका तो चालवत आणि नोटा मोजाव्यात तसे नियम मोजून पाळायला लावत. पहिला नियम असा की कुणाच्याही फोटोवर लिहायचं तर आधी साखर, मग मीठ. म्हणजे आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक खोट. नुसती साखर लिहिणाऱ्याला काका दटावत, “मधुमेह होईल मंडळाला!”

भांडणं रोजची होती. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. ते लिहीत, “फोनने काढतात तो फोटो नव्हे, ती नुसती नोंद.” की लगेच फोनवाले त्यांच्यावर तुटून पडत. बेकरीवाले पहाटे उठून रोज तोच पूल टाकत आणि रोज कुणीतरी विचारी, “आज हलला का हो पूल?” पण त्याच बेकरीवाल्यांची लेन्स हातातून पडून फुटली तेव्हा घड्याळवाल्यांनीच आपली जुनी लेन्स पुसून पाठवून दिली. वर चिठ्ठी होती, “पूल सोडून काहीही काढा.”

या सगळ्यांत ताईचं मीठ नावाजलेलं होतं. ती मोजकं लिही, पण वर्मावर बोट ठेवी. लोक फोटो टाकून थांबत, “एक्सरे-ताई काय म्हणतात बघू.” हे नाव मंडळानेच तिला दिलं होतं. तिने ते कधी दाखवलं नाही, पण ते वाचलं की तिला आतून ऊब यायची.

आणि मग तिनेच वहिनीला आत आणलं.

वहिनी म्हणजे धाकट्या भावाची बायको. दाताच्या डॉक्टरांकडे ती रोग्यांना वेळा द्यायचं काम करी. रिकाम्या वेळात फोनने काहीबाही टिपत बसे. एका रविवारी तिने ते दाखवले आणि ताई मोठ्या मनाने म्हणाली, “आमच्या मंडळात ये. शिकशील.” काकांना तिने लिहिलं, ‘ही माझी वहिनी. नवीन आहे, सांभाळून घ्या.’

सांभाळून घ्या म्हटलं होतं, डोक्यावर घ्या म्हटलं नव्हतं.

वहिनीचा पहिलाच फोटो होता दवाखान्यातल्या बाकाचा. गाल सुजलेला एक धिप्पाड माणूस आणि त्याचा हात धरून बसलेली त्याची इवलीशी आई. फोटो उजवीकडे असा कलला होता की दोघं आता घसरतील. ताईने लिहायला फोन उचलला तोवर खाली साखरेचं पोतं सांडलं होतं. कुणी म्हणे गुदगुल्या झाल्या, कुणी म्हणे रडू आलं. काकांनी लिहिलं, “या कलण्यात जगण्याची घाई आहे.”

‘घाई नाही हो, मनगट आहे,’ ताईने लिहिलं आणि पुसून टाकलं.

ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? वहिनी जिन्यावरून पडली तेव्हा मनगटाचा एक्सरे तिनेच काढला होता. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काचेमागून ताई सांगत होती, “श्वास घे. रोखून धर. झालं बघ.” हाड जुळलं, पण केसभर तिरकं जुळलं. तेव्हापासून त्या हातात धरलेलं सगळंच थोडं कलायचं. चहाचा कप, झाडू आणि फोनसुद्धा.

महिन्याभरात ‘वहिनींचा कल’ ही मंडळातली बोली झाली. सकाळी लोक विचारू लागले, “वहिनी आल्या का?” ताईची वहिनी बघता बघता सगळ्यांची वहिनी झाली. हे सर्वांत जास्त खुपत होतं. आपल्याच घरचं माणूस आपल्या डोळ्यांदेखत गावजेवणाला वाढून झालं, आणि आपल्या पानात काही उरलं नाही असं तिला वाटे. ती वहिनीच्या फोटोवर मुद्दाम उशिरा लिही. साखर चिमूटभर, मीठ मूठभर. वहिनी प्रत्येक वेळी उत्तर देई, “हो ताई, पुढच्या वेळी बघते.” त्या गोड उत्तरानेही नाकाला मिरच्या झोंबत. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

अशात काकांनी बातमी आणली. वाचनालयाने जिन्यासमोरची भिंत मंडळाला द्यायचं कबूल केलं होतं. सगळ्यांचे छोटे फोटो लागणार, आणि मधोमध एकच मोठा, खाली नावासकट. तो मोठा कुणाचा हे बिननावी फेरीत ठरणार होतं. विषय दिला, ‘वाट पाहणं’. फोटो काकांकडे पाठवायचे, ते नावं काढून आकडे घालून टाकणार. सगळ्यांनी खाली साखर-मीठ लिहायचं आणि मत मात्र काकांना गुपचूप कळवायचं. स्वतःला मत द्यायला बंदी.

तो मधला फोटो ताईला हवा होता. इतका हवा होता की तिला स्वतःचीच लाज वाटे. तळघरात तिने आजवर काढलेली चित्रं लोक पाकिटात घालून नेत, डॉक्टर ती उजेडासमोर धरत, पण त्यांवर नाव रोग्याचं असे. आपण काढलेलं, खाली आपलं नाव असलेलं एक तरी चित्र उजेडातल्या भिंतीवर असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिने फोटो काढला एक्सरेच्या खोलीबाहेरच्या ट्रेचा. आत जाण्याआधी बायका अंगावरचं धातूचं सगळं त्यात काढून ठेवत. बांगड्या, गळ्यातली साखळी, केसांतल्या पिना, एकात एक गुंतलेल्या. मालकिणी आत, श्वास रोखून. ट्रे बाहेर, वाट बघत. फोटो तिला आवडला. स्वतःचं काही आवडण्याची तिला सवय नव्हती, म्हणून तिने तो पुन्हा पुन्हा तपासला.

काकांनी फोटो टाकले आणि ती दुसऱ्यावरच थबकली. बंद फाटकाशी बसलेलं म्हातारं कुत्रं होतं, आणि फाटक, कुत्रं, रस्ता, सगळं उजवीकडे कललेलं. तिला नाव वाचायची गरजच नव्हती. खाली लोकांनी पोतं सोडलंच होतं. “वा, काय कल आहे!” सगळ्यांनी ओळखलं होतं, आणि ओळखूनच वाहवा चालली होती.

ताईने लिहिलं, “साखर: कुत्रं गुणी आहे. मीठ: एका हाताने पातेलं ढवळत दुसऱ्या वाकड्या हाताने फोटो काढला की असंच होणार. याला कला म्हणायचं तर माझ्याकडे वाकड्या हाडांची कपाटं भरली आहेत.”

पाठवलं आणि पुसायला बोट पुढे गेलं. पण पुसलं नाही.

मंडळ एकदम चिडीचूप झालं. मग कुणीतरी घसा खाकरल्यासारखं “हं” लिहिलं. एक्सरे-ताईंनी म्हटलंय म्हणजे काहीतरी असणारच, असं धरून साखरही आटली.

तिच्या ट्रेवर कुणीतरी लिहिलं होतं, “पीन न् पीन दिसते, पण माणूस कुठे आहे?” वहिनीने लिहिलं होतं, “साखर: बांगड्यांचा आवाज ऐकू येतो. मीठ: शोधलं, सापडलं नाही.” लाडीगोडी, ताई मनात म्हणाली.

आता मत कुणाला? तिने सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली. पाचवा चांगला होता. कपड्यांच्या दुकानातली कपडे घालून बघायची खोली. पडद्याखाली आतल्या बाईची पावलं आणि बाहेर एका लहान मुलीची, एका पायावर दुसरा पाय ठेवून कंटाळलेली. पडद्याची दांडी फोटोच्या कडेला अशी समांतर की पट्टी लावून काढावी. हा हात घड्याळवाल्यांचा. दुसरं कोण इतकं सरळ काढतं? वहिनीच्या कुत्र्याला कुणी मागे टाकलंच तर हाच फोटो टाकेल, असा हिशेब करून ताईने मत पाचव्याला दिलं. खाली मनापासून साखरही लिहिली, “त्या एका पायावरच्या दुसऱ्या पायात सगळी वाट आहे.”

निकाल लागला तेव्हा ती कामावर होती. छातीच्या एक्सरेसाठी एक आजोबा पाटीला छाती टेकवून उभे होते. “श्वास घ्या. रोखून धरा,” ती म्हणाली, कळ दाबली आणि शेजारी फोन थरथरला.

‘मोठी चौकट: क्रमांक पाच, आपल्या वहिनी. एका मताने मागे राहिला बांगड्यांचा ट्रे, एक्सरे-ताई.’

आणि खाली घड्याळवाले, “कुत्रं माझं होतं बरं का मंडळी! म्हटलं वहिनींसारखं वाकडं काढून बघू, तर ताईंनी हाड मोडून हातात दिलं. पातेलं नव्हतं हो माझ्या हातात, छत्री होती!”

एका मताने. ते एक मत कुणाचं हे काका सोडले तर तिलाच ठाऊक होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला तिने केवढा नेम धरला होता!

आतून घुसमटलेला आवाज आला, “बाई... सोडू का?”

“अगंबाई! सोडा, सोडा!”

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. नेहमीसारखी ‘या ताई’ म्हणून उठली नाही.

“अभिनंदन,” ताई म्हणाली.

“कुत्रं माझं वाटलं ना तुम्हाला?”

ताईने दारातल्या चपला उगाच सरळ लावल्या.

“माझं नव्हतं. पण लागायचं तिथे लागलंच.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“बिननावी फेरीत कसं बोलणार? काकांचा नियम.”

भाऊ दारातून डोकावला, दोघींची तोंडं बघितली आणि आला तसा परत निघून गेला.

ताईला म्हणायचं होतं एक, पण बाहेर पडलं भलतंच. “इतका सरळ कसा आला तुझा?”

वहिनीला हसू फुटलं, तिने ते दाबलं. “दुकानातल्या खांबाला कोपर टेकवलं. फोन दोन्ही हातांनी धरला, दुखतं तसं धरलं की. आणि मनात तुमचं ते म्हटलं. श्वास घे, रोखून धर. पुढच्या वेळी बघते म्हणत होते ना मी? बघत होते.”

ताईने तिच्या मनगटाकडे पाहिलं. कातडीखालचं ते केसभर वाकडं हाड तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

“ते पातेल्याचं लिहायला नको होतं.”

“नकोच होतं,” वहिनी म्हणाली, आणि ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही. घडीवर घडी ठेवत राहिली. मग विचारलं, “मत कुणाला दिलंत?”

“तुला.”

“काहीतरीच!”

“घड्याळवाल्यांचा समजून. तू जिंकू नयेस म्हणून.”

वहिनीने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि मग हातातला टॉवेल तोंडावर धरून हसत सुटली. ताईला हसू आलं नाही. पण ती तिथेच टेकली आणि टॉवेलचं दुसरं टोक धरून घडी घालू लागली.

रविवारी वाचनालयात सगळी जमली. फोनमधली माणसं प्रत्यक्षात बुटकी, टकली, लाजरी निघाली. घड्याळवाले आणि बेकरीवाले भेटल्या भेटल्या पुलावरून भांडले. ताईच्या ट्रेला मोठ्या चौकटीशेजारची जागा मिळाली होती, वहीच्या पानाएवढी. तिने तो एकदाच पाहिला.

मोठी चौकट वहिनीने स्वतः लावली. स्टुलावर चढून, दोन्ही हातांनी धरून. बाकीचं मंडळ चहाकडे गेलं होतं.

“ताई, सरळ आहे का हो? मला इथून कळत नाही.”

ताई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. तिथूनच दिसत होतं. उजवी बाजू केसभर खाली होती. केसभरच. कुणाच्या लक्षात आलं नसतं. आलं असतं तर म्हणाले असते, वहिनींचा कल. “ठीक आहे” एवढंच म्हणायचं होतं. ते दोन शब्द तिच्या ओठांवर आले. पोटातलं दुखणं तसंच होतं, जराही कमी झालेलं नव्हतं.

“उजवी बाजू वर घे,” ती म्हणाली. “जरा अजून. थांब, हलू नकोस. श्वास रोखून धर.”

वहिनीने धरला.

“हं. सोड आता.”