रेंजवरच्या काकू

"बोट कुठंय तुझं?" हा प्रश्न काकू कुणालाही, कधीही विचारायच्या.

मूळ प्रश्न पिस्तुलाचा. नेम धरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये, ते बाहेर, सरळ, पिस्तुलाच्या अंगाला टेकलेलं असलं पाहिजे, हा त्यांच्या खेळातला पहिला धडा. पण काकूंनी तो सगळ्या जगाला लावून टाकला होता. ऑफिसात एकदा मी मॅनेजरला तावातावानं ई-मेल लिहीत होतो. कॉफीचा कप घेऊन काकू मागून चालल्या होत्या. त्यांनी स्क्रीनवरच्या दोन ओळी वाचल्या आणि शांतपणे विचारलं, "बोट कुठंय?" माझं बोट माउसवर होतं. "बाहेर काढ," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ती ई-मेल गेली नाही. दुसऱ्या दिवशी वाचली तेव्हा मलाच घाम फुटला.

आम्ही दोघं अमेरिकेतल्या नोव्हाय नावाच्या गावी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. मी पुण्याहून नुकताच आलेला, सॉफ्टवेअरवाला. त्या मूळच्या नागपूरच्या, क्वालिटी विभागात, पन्नाशी ओलांडलेल्या, अमेरिकेत मुरलेल्या. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. मंडळाच्या गणपतीत कोपऱ्यात बसून निमूट काकड्या चोचवणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. महिन्यातल्या एका रविवारी त्या पहाटेच कुठंतरी जातात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. बायकांची समजूत होती की हायकिंगला जातात. काकूंनी ती समजूत कधी मोडली नाही.

मला कळलं ते त्यांना माणूस हवा होता म्हणून. "रविवारी काय करून राहिलास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. "मग चल. हातोडी धरता येते ना?"

तासाभराच्या अंतरावर, सोयाबीनच्या शेतांच्या पलीकडे, तीन बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेलं नेमबाजीचं मैदान होतं, म्हणजे रेंज. आत लाकडी पट्ट्यांवर पुठ्ठ्याची टार्गेटं, लोखंडी तबकड्या, पिंपं, जाळीच्या भिंती. स्पर्धकानं कमरेला पिस्तूल लावून उभं राहायचं, टायमर वाजला की पळत, वाकत, खिडक्यांतून डोकावत सगळी टार्गेटं मारायची. गुण भागिले वेळ, असा हिशेब. नुसती घाई केली तर नेम चुकतो, नुसता नेम धरत बसलं तर वेळ जातो. आणि या सगळ्यावर नियमांचं एक जाडजूड पुस्तक, जे काकूंना पाठ होतं.

कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी रायफल चालवली होती. पुढे लग्न, मुलगी, नोकरी. त्यांच्या कारखान्यात वॉल्ट नावाचा एक टूलमेकर होता. निवृत्त व्हायच्या बेतात असताना एकदा जेवणाच्या सुट्टीत हे त्याच्या कानावर आलं आणि तो त्यांना रेंजवर घेऊन गेला. तो क्लब त्यानंच मित्रांबरोबर उभा केला होता. बांधावरची माती त्यानं स्वतः ओढली होती. त्यानं काकूंना शिकवलं, आणि एक बाई हातात टायमर घेऊन आपल्याला "थांब" म्हणणार, हे ज्यांना रुचलं नव्हतं त्यांना गप्पही त्यानंच केलं. मी पोचलो तोवर मॅच काकूच चालवत होत्या.

मी व्हिसावर होतो. व्हिसावरच्या माणसानं बंदूक हातात घेण्याबद्दल कायदा कडक आहे, त्यात काही सवलतीही आहेत. मी सवलतींचा विषय काढला, तर काकू म्हणाल्या, "त्या असतील. मला वाद नको. ग्रीन कार्ड येईस्तोवर तू ठिगळं लाव." पुठ्ठ्याला पडलेल्या भोकांवर खाकी रंगाच्या चिकट टिकल्या लावायच्या, म्हणजे पुढच्या स्पर्धकाला कोरं टार्गेट मिळतं. हे काम मी अनेक मोसम केलं आणि सांगतो, मजेत केलं.

त्यांचा पोशाख बघण्यासारखा असायचा. बायकांच्या पँटला जाड पट्टा जात नाही म्हणून काकांची जुनी पँट, दुमडलेली. गळ्याला नागपुरी सुती ओढणी घट्ट गुंडाळलेली. पिस्तुलातून उडालेलं रिकामं काडतूस तापलेलं असतं. ते कॉलरमधून आत गेलं की माणूस पिस्तुलासकट नाचायला लागतो, आणि नाचणं नियमात बसत नाही. पहिल्यांदा लोक त्या ओढणीला हसले. दोनतीन जणांच्या छातीवर चटके बसल्यावर क्लबात रुमाल बांधायची पद्धतच पडली.

पिस्तूल मात्र अगदी साधं. आमच्याकडे एक तरुण इंजिनीयर यायचा, त्याच्या पिस्तुलावर लाल ठिपक्याची दुर्बीण, गोळ्या भरायची रंगीत मॅगझिनं, काय काय. ते दर मॅचला कुठंतरी अडकायचं. तो तिथंच उभा राहून त्याला शिव्या घालायचा. काकू त्याला म्हणाल्या होत्या की, बाबा, घरी बसून आधी याच्याशी ओळख तर करून घे.

"काकू" हे नाव क्लबात माझ्यामुळे रुजलं. मी हाक मारायचो, ते ऐकून लोकांना वाटलं तेच त्यांचं नाव. त्यांचं खरं नाव क्लबात कुणालाच कधी नीट उच्चारता आलं नव्हतं, त्यामुळे सगळे सुटल्यासारखे झाले. एकदा वॉल्टनं मला याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, काकाची बायको. "मग काका कुठाय?" मी पार्किंगकडे बोट दाखवलं. काकांना आवाज सहन व्हायचा नाही. ते कानात कापूस घालून गाडीत शब्दकोडं सोडवत बसायचे आणि दुपारी थर्मासमधून चहा घेऊन बांधापर्यंत यायचे. त्यापुढे एक पाऊल नाही. वॉल्ट त्या दिवसापासून त्यांना टोपी काढून नमस्कार करायला लागला.

आता जे सांगतो ते एका ऑक्टोबरातलं आहे. बर्फ पडायच्या आधीची शेवटची मॅच. वॉल्टची बायको मार्था त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तो ऐंशीच्या जवळ आला होता, तरी एकही मॅच चुकवत नव्हता. खरं तर महिन्याभरात तेवढाच एक दिवस तो माणसांत असायचा.

त्या दिवशी एका स्टेजवर, म्हणजे टार्गेटांच्या एका मांडणीत, उजवीकडून डावीकडे धावत जायचं होतं, आणि धावतानाच मॅगझिन बदलायचं होतं. उजव्या हातात पिस्तूल धरणाऱ्या माणसाला हे अवघड जातं. शरीर डावीकडे वळतं आणि पिस्तूल शरीराबरोबर वळू पाहतं. पिस्तुलाचं तोंड कायम समोरच्या बांधाकडेच पाहिजे. ते बाजूच्या रेषेपलीकडे, मागच्या माणसांकडे वळलं की त्या माणसाची मॅच तिथंच संपली. ताकीद नाही, दुसरी संधी नाही.

वॉल्ट धावत नव्हता, झपाझप चालत होता. मॅगझिन पटकन बसेना. तो त्याच्याकडे बघायला लागला, अंग वळलं, आणि पिस्तूलही वळलं.

"स्टॉप," काकू म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. त्यानंतरची वाक्यंही ठरलेलीच असतात, पिस्तूल रिकामं कर, रिकामं असल्याचं दाखव. ती त्यांनी नेहमीच्याच आवाजात म्हटली. वॉल्टनं सगळं बिनचूक केलं. मग तो हळूच म्हणाला, "काकू, नाही गेलं ते पलीकडे."

"गेलं," काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. दाद मागायची सोय होती. त्यानं ती मागितली नाही. पिस्तूल पिशवीत घातलं, पिशवी ट्रकमध्ये टाकली आणि निघून गेला. काकूंनी पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं.

दुपारी क्लबातला एक जुना माणूस त्यांच्यापाशी आला. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की, 'त्या क्षणी माझं लक्ष टायमरकडे होतं,' असं तू म्हटलं असतंस तर कुणी काही बोललं नसतं. काकूंनी ऐकून घेतलं. परतताना गाडीत मी मागे बसलो होतो. बऱ्याच वेळानं त्या मला म्हणाल्या, "टायमर ऐकायचा असतो रे. बघायचं पिस्तुलाकडे. आणि मी बघणं सोडलं, तर त्या मैदानावर कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?" काकांनी गाडीचा हीटर वाढवला.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. क्लबच्या शेडमधलं एक यंत्र मोडलं होतं. तबकडी पडली की तारेनं एक टार्गेट बाजूला सरकायचं, तसलं. वॉल्टनंच बनवलेलं. जड होतं म्हणून मी हवा होतो. आम्ही ते गाडीत घातलं आणि वॉल्टच्या घरी गेलो.

तो गॅरेजमध्ये होता. आम्हाला बघून उठला नाही. काकू म्हणाल्या, "मी माफी मागायला आले नाही. हे मोडलंय, आणि ते दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येत नाही." इंग्रजीत सगळा 'यू'च असतो, पण त्यांचा 'यू' मला कायम 'तुम्ही' असा ऐकू यायचा.

वॉल्टनं यंत्राकडे पाहिलंच नाही. "मला एक सांग," तो म्हणाला. "तुला ते दिसलं, की तू ते शोधत होतीस?"

मला वाटलं, आता त्या काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. कुणीही नेली असती.

"शोधत होते," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून."

"म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं."

"आधी मला शंका आली होती. शंकेवर मी कुणाला घरी पाठवत नाही."

वॉल्टनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. त्याचे हात तेव्हाही थरथरत होते. माझ्या लक्षात ते त्या दिवशी पहिल्यांदा आलं, काकूंच्या लक्षात उन्हाळ्यातच आलं होतं. मग तो म्हणाला, "मार्था असती तर तिनं मला गेल्या वर्षीच थांबवलं असतं." आणि खुर्ची सरकवून यंत्रापाशी आला. तार कुणी बदलली, म्हणून त्यानं मला दरडावून विचारलं. मी बदलली नव्हती, तरी मला बरं वाटलं. काकू एका उलट्या बादलीवर बसल्या आणि त्याला एकेक पाना देत राहिल्या. सफरचंदं कापून खाल्ली. निघताना मॅचचा विषय कुणी काढला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर पहिल्या मॅचला वॉल्ट आला. पिस्तूल आणलं नव्हतं. ट्रकच्या मागे हिवाळाभर बनवलेलं सामान होतं. मागेपुढे झुलणारी टार्गेटं, दोरी ओढली की उघडणारी खिडकी, आणि एक असलं विचित्र फिरतं चाक की भलेभले त्यापुढे नेम विसरायचे. काकूंनी स्टेज रचण्याचं सगळं काम त्याला देऊन टाकलं. लोक हरले की तो खुर्चीत बसून खूश व्हायचा. आसपासच्या गावांतून माणसं केवळ वॉल्टची यंत्रं बघायला यायला लागली. त्याला मॅचच्या आदल्या दिवशीही रेंजवर यावं लागायचं, मधल्या शनिवारीही. महिन्यातल्या एका दिवसाचे त्याचे किती दिवस झाले ते मी मोजले नाहीत.

काकूंची स्वतःची नेमबाजी कशी होती, असं तुम्ही विचाराल. बेताची. कायम यादीच्या मधोमध. त्यांना त्याचं काही वाटत नसे. सगळ्यांच्या आधी पोचून त्या आपल्या फैरी उरकून घ्यायच्या, आणि मग दिवसभर टायमर घेऊन दुसऱ्यांच्या मागे चालायच्या. माझं ग्रीन कार्ड आलं तेव्हा माझ्या पहिल्या मॅचला त्याच माझ्या मागे होत्या. मी एक टार्गेट मारायचंच विसरलो आणि एका ठिकाणी तर दाराऐवजी जाळीवर जाऊन आदळलो. शेवटी पिस्तूल रिकामं करून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोट छान होतं." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

मग गाड्यांच्या धंद्याचे दिवस फिरले. कंपनीनं जुन्या लोकांना लवकर निवृत्त व्हायची मुभा दिली आणि काकूंनी ती घेतली. मुलगी दूर दक्षिणेला कॅरी नावाच्या गावी होती, तिला बाळ होणार होतं. काका तर हरखूनच गेले होते. घर आवरलं, सामान पुढे गेलं.

शेवटच्या मॅचला कुणी भाषण केलं नाही. त्या क्लबात तशी पद्धत नव्हती. सगळ्यांनी हात मिळवले. लाल ठिपक्यावाल्या इंजिनीयरनं त्यांना मिठी मारली आणि स्वतःच लाजला. वॉल्ट त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेला. तिथं ते दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की काकू हसत होत्या. काकांनी काच खाली केली, वॉल्टनं टोपी काढली.

आम्हाला अजून टार्गेटं उतरवायची होती, पिंपं शेडमध्ये न्यायची होती. त्यांना मात्र लांब जायचं होतं, म्हणून आम्हीच त्यांना आधी निघा म्हटलं होतं. इतक्या वर्षांत त्या कधी आधी निघाल्या नव्हत्या. मॅच चालवणाऱ्यानं सगळ्यात शेवटी बाहेर पडायचं आणि फाटक लावायचं, असा रिवाज होता.

गाडी फाटकातून बाहेर गेली आणि थांबली. काकू उतरल्या. दुमडलेली पँट, गळ्यात ओढणी. त्यांनी फाटक ओढलं, साखळी घातली, कुलूप लावलं, एकदा हिसका देऊन पाहिलं, आणि गाडीत जाऊन बसल्या.

आम्ही सगळे आत होतो. कुणीही हाक मारली नाही.