“स्टँड?” “घेतला!” : नौपाडा ते शहाड, मागच्या सीटवरून

नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत तीस वर्षं रोज सकाळी एकच संवाद होत असे. मी मोटरसायकलवर मागे बसून विचारायचे, “स्टँड?” माझा नवरा सुधीर साइडस्टँड वर आहे ना, ते टाचेने चाचपून म्हणायचा, “घेतला.” मगच गाडी हलायची. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरच्या प्रार्थनेनंतर आम्ही मुली ‘आमेन’ म्हणायचो, तसं ते उत्तर ठरलेलं.

सुधीर जाऊन दोन वर्षं झाली. गाडी जिन्याखाली झाकलेली. शहाडला राहणारी त्याची पुतणी केतकी ती मागत होती, मी टाळत होते. शेवटी म्हटलं, “ने. पण पोचवायला मी मागे बसून येणार.” तिने गाडी गॅरेजमधून नीट करून आणली आणि रविवारी आम्ही निघालो.

जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा, नंतर शिळफाट्याला ट्रक हलू देत नाहीत. पुढे मानपाड्याला मिसळ खाल्ली, दोघींची दोनशेच्या आत. रस्त्याचं काम चालू, कडेची माती भुसभुशीत. अशा जागी साइडस्टँड रुततो आणि गाडी कलंडते, म्हणून सुधीर फळीचा एक तुकडा जवळ ठेवायचा. तो मी आठवणीने आणला होता, स्टँडखाली सरकवला.

“काकू, तू तर अर्धी मेकॅनिक आहेस!”

निघताना फळी उचलून मी मागे बसले. प्रश्न ओठांवर आला. पण उत्तराचा आवाज आता दुसराच असणार, या विचाराने गप्प राहिले. पहिल्याच डाव्या वळणावर खालून खर्रर्र झालं, गाडी उचलली गेली. केतकीने कशीबशी सावरली.

“अगं, स्टँड!”

“काकू, माझ्या स्कूटरला स्टँड खाली असला की इंजिनच चालू होत नाही गं. लक्षातच नाही राहिलं!”

“या गाडीला ती अक्कल नाही. म्हणून तर मी होते.”

चूक माझीच जास्त.

शहाडला पोचल्यावर केतकी उत्साहाने चेन साफ करायला बसली. कव्हर काढलं, गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन चालू ठेवून गिअर टाकला आणि फडकं हातात घेतलं. “चाक आपोआप फिरतं, दोन मिनिटांत होतं!”

मी किल्ली फिरवली आणि काढून मुठीत धरली.

“तुझ्या काकाचं बोट असंच गेलं. चेनने फडकं ओढलं, फडक्याबरोबर बोट. फडकं माझ्याच जुन्या साडीचं होतं.”

“पण काका तर म्हणायचा, कारखान्यात गेलं!”

“लाज वाटायची गं त्याला.”

तिने फडकं खाली ठेवलं. मग आम्ही दोघींनी बंद गाडीची चेन लांब दांड्याच्या ब्रशने साफ केली. थोडं घासायचं, हात बाजूला घ्यायचा, मग चाक हाताने जरासं फिरवायचं. अर्धा तास लागला. लागू दे.

घरी आले तर जिन्याखाली तेलाचा डाग तेवढा उरलेला. तो मी पुसणार नाही.

केतकी, तू हे वाचशीलच. गाडी तुझी. फळी आणि ब्रश गाडीबरोबरच राहू देत. दुसरी किल्ली माझ्याकडे राहील, उगीचच. साडीची फडकी टाकून दिली, ती कुणालाच नाहीत. आणि तुझ्या मागे जे कोणी बसेल, त्याला माझा प्रश्न दे. उत्तर मात्र तू द्यायचंस, टाचेने चाचपून.