मॅडमच्या फोनवर वाढलेली गोळी

"आज गोली नहीं खिलाई क्या इसको?"

वर्गाच्या मॅडमनं हे भर पालकसभेत विचारलं. तेलीबांध्याची मोठी शाळा. माहा अंशू खुर्चीवर चढून पंखा पाहून राहिला होता. लोक हसले. एका बाईनं आपली पोरगी जवळ ओढली, जसं माह्या लेकराले खरूज झाली आहे.

मी चौबे कॉलोनीत लोकांच्या घरी पोळ्या करते. गरिबांच्या कोट्यातून पोट्ट्याले त्या शाळेत जागा भेटली. मॅडम ते विसरू देत नाही.

अंशूचं ध्यान टिकत नाही, हातपाय थांबत नाही. शाळेनंच सांगितलेले डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, मस्ती नाही. गोळी सुरू केली. फरक पडला, खोटं काहून बोलू? पाढे म्हणायला लागला. माहं गोळीशी वैर नाही.

पण मॅडमले तेवढ्यानं भागेना. "डोज बढ़वाओ, नहीं तो टीसी ले जाओ." मी घाबरली, अंशूले घेऊन डॉक्टरकडे गेली. त्यानं पोराकडे मान वर करूनही पाहिलं नाही. "मैडम का फोन आ गया था," म्हणाला, अन् गोळी वाढवली.

अंशू गप्प झाला. डबा भरलेलाच परत येऊन राहिला. झोप उडाली. शाळेत मात्र कौतुक. "देखा? कितना अच्छा बच्चा हो गया!"

मग छेरछेरा आला. पौषातली पुनव. नवं धान घरात आलं की पोट्टे पिशव्या घेऊन दारोदारी धान मागतात. त्या दिवशी मागायची लाज नसते, मालगुजाराचं पोट्टंही मागतं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, साऱ्यात मोठी आरोळी अंशूची. यंदा पोट्टे बोलावून गेले, अन् हा ओट्यावर बसून राहिला.

"काहून नाही गेला रे?"

"मन नाही होत, आई."

माह्या लेकराचा आवाज गेला, अन् हे लोक खूश! आग लागो असल्या शिस्तीले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलीच नाही. अंशूले डॉक्टरसमोर उभं केलं. त्यानं पेन उचलला तसा मी कागदावर हात ठेवला. "पहले मेरे बच्चे को देखो. खाता नहीं, सोता नहीं. वजन करो. फिर लिखो."

डॉक्टर लाल झाला. पण उठला. वजन घटलं होतं. गोळी कमी केली.

तिथून सरळ शाळेत. मॅडम म्हणाल्या, "फिर कूदेगा तो?"

"कूदेगा. निकालना है तो कारण लिखकर निकालो."

"तुम लोगों को सिर पर चढ़ा लिया है."

हव, चढलो. आता उतरत नाही.

मॅडम पुन्हा फोन करतील, मले माहीत आहे. करा. गोळी अंशूले शिकता यावं म्हणून आहे, तुमच्या वर्गाले आराम पडावा म्हणून नाही. वाढवायची तर त्याले तपासून, मले विचारून वाढन. अन् उद्या तो शाळेत येणार. परवाही येणार. कोणाची छाती असन, त्यानं उठवून दाखवावं.