घोड्याच्या घरातलं प्यादं

सन एकोणीसशे चाळीस. मी चौतीस वर्षांचा होतो, माझी मुलगी दहा वर्षांची. पौषातली थंडी होती आणि आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, सबलगढहून छोट्या गाडीनं लश्कर शहराला निघालो होतो. मुलांचे बुद्धिबळांचे सामने होते.

ती छोटी गाडी ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. चढाला माणूस खाली उतरून बाजूनं चालू लागला तर गाडीच्या पुढं जायचा. मुलीनं मांडीवर पट मांडला होता. हिसका बसला की सोंगट्या पडायच्या, आणि ही खिडकीबाहेर बघत बघत एकेक उचलून जिथल्या तिथं ठेवायची. समोर एक बनिया बसला होता. त्यानं मुद्दाम एक उंट भलत्या घरात ठेवला. हिनं न बोलता तो उचलून परत जागेवर ठेवला. बनिया मला म्हणाला, "जमादार, ये लड़की है कि मुनीम?" माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

मी शिकलेला माणूस नाही. तिसरीत मास्तरांनी छडी मारली, मी ती छडी मोडली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. आजा फौजेत, बाप फौजेत, आणि मी जकातीच्या नाक्यावर जमादार. पण बुद्धिबळात त्या परगण्यात मला कोणी हरवून दाखवावं! नाक्यावर गाड्या यायच्या सकाळी आणि तिन्हीसांजेला. मधला सगळा वेळ पट मांडलेला. मुलगी भाकरी घेऊन यायची ती तिथंच बसायची. सात वर्षांची असताना तिनं मला सांगितलं की बाबा, तुमचा हत्ती मरतोय. नऊ वर्षांची असताना तिनं मला मात दिली. त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तेच साऱ्या गावाला सांगत सुटलो.

आमच्या गावची मुलींची शाळा चौथीपर्यंत. तिची चौथी होत आली होती. पुढं काय, तर काही नाही. चूल आणि दोन-चार वर्षांनी लग्न. तेवढ्यात लश्करच्या एका मंडळानं हे सामने ठेवले. त्या मंडळाचे मुख्य एक वकीलसाहेब होते, जयेंद्रगंजात राहायचे. त्यांनी जाहीर केलं की जे मूल पहिलं येईल, मग तो मुलगा असो की मुलगी, त्याची लश्करात राहण्याची आणि मॅट्रिकपर्यंत शिकण्याची सोय मंडळ करील. माझ्या बायकोनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिनं दुसरं काही बोलायचं सोडून दिलं. ती स्वतः चार इयत्ता शिकलेली. माझ्यापेक्षा एक जास्त.

मला काय हवं होतं? खरं सांगतो. शाळा वगैरे ठीकच, पण मला माझ्या साडूला दाखवून द्यायचं होतं.

तर गाडीत बायकोनं पर्चा काढला. मंडळानं टपालानं धाडलेला, छापील, हिंदीत. सामन्याचे नियम होते. ती चष्म्यावाचून डोळ्यांजवळ धरून वाचू लागली. "अहो, ऐका तरी. हे लिहिलंय की प्यादं पहिल्या चालीला..."

"अगं, बुद्धिबळं काय कागदावरून शिकतात?" मी म्हणालो. बनिया बघत होता. त्याच्या देखत बायकोनं मला खेळ शिकवायचा? मी पर्चा तिच्या हातातून घेतला, घडी केली आणि वळकटीत सारला.

ती म्हणाली, "तिला तरी वाचू द्या."

"तिला मी शिकवलंय. तेवढं पुष्कळ आहे."

मुलीनं एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पडलेला घोडा उचलून जागेवर ठेवला.

साडू लश्करात दाना ओली नावाच्या गल्लीत राहायचा. कचेरीत कारकून, इंग्रजी शिकलेला. आम्ही पेटी आणि वळकटी घेऊन दारात उभे राहिलो तर म्हणतो, "या जमादारसाहेब! माल नीट तपासून आणलाय ना? इथं लश्करात खोटा माल चालत नाही."

मी म्हटलं, "साडूभाऊ, उद्या बघाल. आणि मग जकात तुम्हीच भराल."

मेहुणी हसली. तिळाची गजक पुढं केली. माझ्या मुलीनं दोन तुकडे घेतले, एक खाल्ला, एक रुमालात बांधला. उद्या जिंकल्यावर खाईन म्हणाली.

सामने वकीलसाहेबांच्या घरी, मोठ्या दिवाणखान्यात होते. पंच तेच. आठ मुलं, त्यात ही एकटी मुलगी. पुरुष भिंतीकडेनं सतरंजीवर, बायका शेजारच्या खोलीत चिकाच्या पडद्याआड. सुरू व्हायच्या आधी वकीलसाहेब एकेका बापाजवळ आले आणि विचारू लागले, "नियम वाचलेत ना? विलायती पद्धतीनं खेळवतोय, म्हणून विचारतो." फार सभ्य माणूस. मला विचारलं तेव्हा साडू माझ्या शेजारीच बसला होता.

मी म्हणालो, "वकीलसाहेब, आमच्या घरात तीन पिढ्या पट मांडलेला आहे. नियम आम्हाला ठाऊक आहेत."

"उत्तम," असं म्हणून ते पुढं गेले.

पहिल्या डावात समोरच्या मुलानं पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढं टाकलं. हिनं बोट ठेवलं. "एकच घर." वकीलसाहेब म्हणाले, "नाही बेटा, पहिल्या चालीला दोन घरं चालतात." हिनं मान हलवली आणि आपलंही दोन घरं टाकलं. सव्वीस चालींत त्याला मात. मला वाटलं, फरक म्हणावा तो एवढाच असणार. डाव संपल्यावर बायकोनं चिकाआडून निरोप पाठवला की पर्चा दाना ओलीत राहिलाय, आणून बघा. दाना ओली काही लांब नव्हती. मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "तिला म्हणावं, पोर जिंकतेय. गप बस."

दुसऱ्या डावात समोरच्या मुलाचा काका मध्येच खोकू लागला. एकदा खोकला की घोडा, दोनदा खोकला की उंट. माझ्या लक्षात आलं. मी उभा राहिलो आणि भर दिवाणखान्यात म्हणालो, "खेळ पोरांचा आहे की तुमचा? खोकला येत असेल तर अंगणात जा!" लोक हसले. वकीलसाहेबांनी त्या काकाला बाहेर बसवलं आणि सगळ्यांना बजावलं की आता कोणी बोललं, खोकलं, खूण केली, तर त्याच्या मुलाचा डाव गेला असं समजेन. साडूनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "वा जमादार!" तोही डाव हिनं जिंकला.

शेवटचा डाव चारच्या सुमाराला लागला. समोर मुरार गावचा एक मुलगा, असेल अकरा-बारा वर्षांचा, गळ्यात मफलर. चांगला खेळत होता. मारामारी होत होत पट रिकामा झाला. शेवटी दोघांचे राजे आणि दोघांचं एकेक प्यादं उरलं. हिचं प्यादं घोड्याच्या घरासमोर, एक पाऊल राहिलेलं. त्याचं प्यादं उंटाच्या घरात जायला दोन पावलं राहिलेली. चाल हिची.

माझा हिशोब झाला होता. आमच्याकडे प्यादं शेवटच्या ओळीत ज्या घरात पोचेल, त्या घराची सोंगटी होते. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वजीर पाहिजे तर प्यादं वजिराच्याच घरात न्यायला लागतं. माझ्या बापानं मला असंच शिकवलं, मी तिला असंच शिकवलं. म्हणजे हिला घोडा मिळणार, त्याला उंट. नुसत्या घोड्यानं मात होत नाही, उंटानंही होत नाही. डाव बरोबरीत सुटेल, पुन्हा मांडतील. पुन्हा मांडला की ही जिंकणारच.

माझ्या डाव्या हाताला मुरारचाच एक कंपाउंडर बसला होता. तो हळूच माझ्या कानात म्हणाला, "लो दादा, मुबारक हो. अब वजीर बना लेगी, खेल ख़तम."

मी म्हटलं, "वजीर कैसे? वो तो घोड़े का घर है."

"अरे, कोई भी घर हो. जो चाहो सो बना लो. पर्चे में लिखा तो है."

मी मुलीकडं बघितलं. ती पटाकडं बघत होती. एक शब्द. वजीर. तीन अक्षरं. पण तोंड उघडलं तर डाव गेला, आणि तो नियम तासाभरापूर्वी माझ्यामुळंच लागू झालेला. घशात खरोखरीचा खोकला आला. मी तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं. मी चिकाकडं बघितलं. पलीकडं बायकोच्या बांगड्या वाजल्यासारखं वाटलं, मग तेही थांबलं. तिनं किती वाचलं होतं, कुठवर वाचलं होतं, मला माहीत नव्हतं. पण ठाऊक असलं तरी तीही माझ्यासारखीच बांधलेली.

मनात म्हटलं, पोरी, थांब. विचार कुणाला तरी. माझ्याकडं बघ. मी पापणी तरी हलवीन.

ती कशाला बघेल? तिला मी शिकवलं होतं की खेळताना बापाकडंसुद्धा बघायचं नाही.

तिनं प्यादं शेवटच्या घरात नेलं. वकीलसाहेब काही विचारायला पुढं वाकले, त्यांचं तोंड उघडायच्या आत तिनं प्यादं उचललं, बाजूच्या मेलेल्या सोंगट्यांतला घोडा घेतला आणि नीट, तोंड पुढं करून, त्या घरात ठेवला. मग हात मांडीवर.

दिवाणखान्यात "अरेरे" असा आवाज झाला. तिला वाटलं लोक वाहवा करताहेत. ती हसली.

त्या मुलानं प्यादं एक घर सरकवलं. हिनं घोड्यानं शह दिला. त्यानं राजा हलवला. हिनं पुन्हा शह दिला, त्यानं पुन्हा राजा हलवला, आता शह उरला नाही. त्याचं प्यादं पोचलं. तो म्हणाला, "वजीर."

हिनं बोट ठेवलं, सकाळी ठेवलं होतं तसंच. "पण हे उंटाचं घर आहे."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी तिला समजावून सांगितलं. हळू, गोड आवाजात, जसं आजारी मुलाला सांगतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा, अख्ख्या दिवसात पहिल्यांदा, तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीचं सूत उपसत होतो.

डाव तिनं सोडला नाही. शेवटपर्यंत खेळली. घोडा मेला, राजा कोपऱ्यात गेला, मात झाली. तिनं त्या मुलाला हात जोडून नमस्कार केला आणि त्याच्या सोंगट्याही डब्यात भरून दिल्या.

परत येताना तांग्यात साडू माझ्या शेजारी होता. त्यानं टोमणा मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं. पण तो म्हणाला, "पोर छान खेळली," आणि घोड्याच्या टापांकडं बघत राहिला.

दिवेलागणीला सिगडीपाशी जेवायला बसलो. मुलीनं भात कालवला आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं? की वजीर घेता येतो?"

आता काय सांगू? हो म्हटलं, तर मला का नाही सांगितलं, असं विचारील. नाही म्हटलं, तर साडू समोर, मेहुणी समोर, तीन पिढ्या पट मांडलेला आहे असं सांगणारा तोच मी.

"जेव गुमान," मी म्हणालो.

ती जेवली. बायको वाढत होती. माझ्या पानावर वरण घालताना फक्त माझ्यापुरतं म्हणाली, "मी वाचत होते."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रजईत असताना मी उठलो, पगडी बांधली आणि चालत जयेंद्रगंजात गेलो. आयुष्यात कोणाच्या दारी मागायला गेलो नव्हतो. वकीलसाहेब शाल पांघरून ओसरीत कोवळ्या उन्हात बसले होते. मला बघून खुर्ची द्यायला सांगितली. मी बसलो नाही.

"साहेब, चूक पोरीची नाही. शिकवणारा मी. पर्चा मी वाचू दिला नाही."

"काल मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलंत."

त्यांनी शाल सारखी केली. मग म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो. मला रात्रभर चैन नव्हतं. पण सोय एकाच मुलाची आहे आणि त्या मुलाच्या बापाला मी काल शब्द दिला. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

त्यांच्या जागी मी असतो तर शब्द मोडला नसता.

"पुढच्या वर्षी पुन्हा आणा तिला," ते म्हणाले.

पुढच्या वर्षीपर्यंत ती घरी बसलेली असेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "बरं."

"चहा घेऊन जा."

"मी चहा पीत नाही," असं म्हणालो. पीत होतो.

दाना ओलीत परत आलो तेव्हा बायकोनं सामान बांधलं होतं. मुलगी वेणी घालून तयार होती.

"कुठं गेला होतात?" बायकोनं विचारलं.

"पाय मोकळे करायला."

साडू तांगा बोलावतो म्हणाला. मी नको म्हटलं. पेटी डोक्यावर घेतली, वळकटी काखेत मारली आणि ठेशनाकडं चालू लागलो. दोघी मागून येत होत्या. मी मागं वळून बघितलं नाही.