गुलछडीचं गोडं पाणी

आमच्या शेजारचे विश्वनाथअप्पा रोज सकाळी फुलदाणीतलं पाणी बदलत. नुसतं बदलत नसत, सगळ्या गल्लीला दिसेल अशा बेतानं ओट्यावर बसून बदलत. गुलछडीच्या दांड्या मांडीवरच्या पंच्यावर आडव्या घ्यायच्या, एकेकीचा देठ बोटभर तिरका कापायचा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची. परभणीत बियाण्यांचं दुकान चालवणारा हा माणूस गिऱ्हाइकाशी कधी इतक्या हळुवारपणे वागला नाही. बायकोशी तर नाहीच.

"खालचं सुकलेलं फूल खुडलं की वरच्या कळीला जोर येतोय," ते मला ऐकवत. "तुमी लोक दांड्या आणता अन् पंख्याखाली मरायला ठेवता."

ऐकवून झाल्यावर एखादी दांडी हातातही ठेवत, हे कबूल करायला हवं. त्यांची फुलं लय टिकतात, असं गल्लीत कौतुक होतं. टिकतील नाही तर काय! आमच्याकडे नळ आठ दिवसांनी यायचा. अप्पांची बायको, महानंदाकाकू, दुखऱ्या गुडघ्यांनी घागरी, पातेली, अगदी डबेसुद्धा भरून ठेवत. त्या पिण्याच्या पाण्यातला तांब्याभर रोज फुलदाणीत जाई.

"बोअरचं खारं पाणी टाकलं की देठ सडायलाय," अप्पा म्हणत.

काकूंची डाळ मात्र त्याच खाऱ्या पाण्यात शिजायची, म्हणजे शिजायचीच नाही. आणि ताटावर बसून "डाळ कच्ची हाय" म्हणायला पहिले अप्पाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या चैत्रात त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले. दुसरं बाळंतपण, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं, आणि जिंतूरला सासरी तिचं करणारं कोणी नव्हतं. काकू महिनाभर जाऊन येते म्हणाल्या.

अप्पांनी कात्रीवरची नजरसुद्धा उचलली नाही. "महिनाभर? अन् इथलं कोण बघावं?"

"लेक एकली हाय तिथं."

"बघू."

हे 'बघू' पंधरा दिवस चाललं. एका सकाळी काकूच पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"सुनीता, मला स्टँडवर सोड. त्यायला सांगितलंय मी. ऐकलं का न्हाई, काय म्हाईत. फुलाचं पाणी बदलायलेत."

स्कूटी मी इतक्या आनंदानं कधीच चालवली नसेल. जिंतूरच्या एसटीत खिडकीशी बसून काकू लहान मुलीसारख्या हसत होत्या.

आठवडाभरानं अप्पा आमच्या ओट्याशी आले. दाढी वाढलेली, हातात रिकामी घागर. आदल्याच दिवशी त्यांना नात झाली होती. मला वाटलं, पेढ्यांचं काही बोलतील, निदान लेक कशी आहे ते तरी.

"सुनीता," ते आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्याकडं नळ कधी येतोय गं?"

तीस वर्षं त्या घरात राहिलेला माणूस हा.

"काल येऊन गेला, अप्पा," मी म्हणाले.