बोटांच्या तारा

व्हायोलिनसारखा, पण माझ्याहून उंच डबल बास मी दोन ठिकाणी वाजवत असे. रविवारी कॅम्पात, पाश्चात्त्य संगीताच्या ऑर्केस्ट्रात, गजाने. आणि शनिवारी एका नव्या हॉटेलात, जॅझसाठी, बोटांनी. सॉफ्टवेअरच्या कामाला अमेरिकेत गेलेल्या धाकट्या दिरांनी माझ्या बाससाठी नव्या तारा घेताना तिथल्या दुकानातून फोन केला.

"वहिनी, तारा गजासाठी हव्यात की बोटांसाठी? बोटांच्या तारा छान घुमतात, पण त्यांवर गज घसरतो म्हणे."

"बोटांच्याच आणा, भाऊजी. गज कसा धरायचा ते मला शिकवू नका."

खरं कारण वेगळंच होतं. हॉटेलात कंपन्यांमधली तरुण मंडळी टाळ्या वाजवायची. ऑर्केस्ट्रात मागच्या कोपऱ्यात मला कोणी पाहतही नसे. चाळिशीतली ती बाई, म्हणजे मीच, टाळ्यांना भुलली. आज आजी झाले, तरी तिचा कान पिळावासा वाटतो.

नव्या तारा चढवल्यावर ऑर्केस्ट्राच्या पुढच्याच तालमीत गज घसरला आणि बासातून शिट्टी निघाली. मला बास शिकवणारे आमचे संचालक शांतपणे म्हणाले, "जुन्या तारा चढवून या. रविवारपर्यंत जागा ठेवतो."

जुन्या तारा मी कापून बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधल्या होत्या. एवढं कबूल केलं असतं, तर त्यांनी हसून स्वतःच्या काढून दिल्या असत्या. पण बाईसाहेब म्हणाल्या, "सर, हॉटेलात लोक टाळ्या तरी वाजवतात."

"मग आपण तिथेच वाजवावं," ते म्हणाले.

काही महिन्यांत हॉटेलाने कीबोर्ड आणला. बासचा आवाज त्यातच होता. टाळ्या पूर्वीइतक्याच पडत होत्या.